अर्धलीची कोंबडी

विजयमालाला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आम्ही दोघी गळ्यात गळे घालून रडू अशी वाट बघत कुणी बसायला नको. साठ वर्षं होत आली. लोक म्हणतात, एका कोंबडीवरून एवढा राग? म्हणणाऱ्यांचं काय जातं. कोंबडी त्यांची नव्हती आणि बापही त्यांचा नव्हता.

आमचं गाव पलूसच्या अलीकडे, कृष्णाकाठापासून कोसभर आत. साल बासष्ट, ऐन उन्हाळा. मी पंधरा वर्षांची, नुकतीच आठवीची परीक्षा दिलेली. विजू माझ्यापेक्षा वर्षानं मोठी, लालासाहेब पाटलांची थोरली लेक. सातवीनंतर तिची शाळा सुटली, पण त्याआधी सात वर्षं आम्ही एका ओळीत बसलो होतो. म्हणजे ती ओळीच्या या टोकाला आणि मी त्या टोकाला. मधल्या सुट्टीत मात्र दोघींच्या चिंचा एकाच फडक्यात असायच्या. चिंचेला विटाळ होत नाही, असं आम्ही आमच्यापुरतं ठरवून टाकलं होतं आणि मोठ्या माणसांना विचारायला गेलो नव्हतो.

माझे वडील केरू, त्यांना मी तात्या म्हणायची. ते रेल्वेत गँगमन होते. खाकी कपडे, खांद्यावर हातोडा, रोज रुळाच्या कडेनं आठ मैल चालणं. गावकीचं एकही काम त्यांनी कधी केलं नाही. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आले, घरातले देव नदीत सोडले आणि आईला नि मला समोर बसवून एकच नियम सांगितला.

"कुनी टाकल्यालं घ्यायचं न्हाई. जुनं लुगडं न्हाई, शिळी भाकर न्हाई, मेल्यालं ढोर न्हाई. इकत घ्या, न्हाईतर हक्कानं घ्या, न्हाईतर उपाशी ऱ्हावा."

नियम ऐकायला सोपा होता. पाळायला आईला फार जड गेला, कारण तिची दोन्ही लुगडी एकाच वेळी फाटली तेव्हा वस्तीतल्या बाया पाटलांच्या घरून जुनेर आणत होत्या आणि आमची आई ठिगळाला ठिगळ जोडत होती. पण तिनं नियम मोडला नाही. मोडला तो मी.

त्या वर्षी चैत्र सरता सरता गावात मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग. आधी कोंबडी डोळे मिटून कोपऱ्यात बसते, मग हिरवट पातळ हगते, मग तिची मान एका बाजूला वळते आणि पाय लुळे पडतात. आज एका घरी, उद्या चार घरी. शहाणी माणसं पहिलं लक्षण दिसलं की कापून खायची. ज्यांना उशीर व्हायचा ती मेलेल्या कोंबड्या पाटीत घालून ओढ्यात टाकायची. पंधरा दिवसांत गावातले कोंबडे आरवायचे थांबले.

विजूची एक कोंबडी होती, कवडी. पांढऱ्या अंगावर काळसर ठिपके, म्हणून कवडी. मुंगसानं तिच्या आईला मारलं तेव्हापासून विजूनं तिला पदराखाली वाढवलेली. आम्ही ओढ्याकाठी शेण्या गोळा करायला जायचो तेव्हा ती आमच्या मागून दुडक्या चालीनं यायची आणि दोघींच्या मांडीवर आळीपाळीनं बसायची. तिलाही विटाळ कळत नव्हता.

एका सकाळी विजू ओढ्यावर आली ती पाटी घेऊन. पाटीवर पोतं. पोतं बाजूला केलं तर खाली कवडी. मान डाव्या अंगाला वळलेली, चोच वर, आणि एक डोळा मिटलेला.

"आईनं वड्यात टाकाय सांगितलीया," विजू म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "अजून जीव हाय गं तिच्यात. मला न्हाई टाकवत."

"मग?"

"तू ने. तुज्या हाताला गुन हाय. जगली तर तुजी."

"माजी म्हंजी माजी? मागनं परत मागायची न्हाईस?"

"न्हाई मागत. गळ्याशपथ." तिनं आपल्या गळ्याला चिमूट लावली.

मी पाटी उचलली आणि दोन पावलं चालल्यावर मला तात्या आठवले. ओढ्यात टाकायला काढलेली कोंबडी मी घरी नेणार. टाकलेल्यातही ही पहिल्या नंबरची टाकलेली. मी परत फिरले.

आमच्याकडे जनावर अर्धलीनं देतात. म्हणजे शेळी किंवा कोंबडी एकाची, सांभाळणारा दुसरा, आणि पुढं जी पिल्लं होतील ती निम्मी निम्मी. मूळ जनावर मालकाचंच राहतं. यात कुणी कुणावर उपकार करत नाही, दोघं बरोबरीनं वाटेकरी. तात्यांच्या नियमात हे बसत होतं.

"विजू, कुनी इचारलं तर अर्धलीनं दिलीया म्हनायचं," मी म्हणाले. "कुनीबी इचारू दे. माज्या गळ्याची आन हाय तुला."

"बरं." तिनं माझ्या गळ्याला हात लावला.

एका घटकेत दोन शपथा झाल्या. एक तिनं घेतली, एक मी तिला घातली. त्या एकमेकींच्या आड येतील हे कळण्याएवढी अक्कल दोघींनाही नव्हती. मला तर नव्हतीच, आणि मी वर्गात पहिली यायची.

आई त्या वेळी मावशीच्या बाळंतपणाला सांगलीला गेली होती, त्यामुळे घर माझ्याच हातात होतं. चुलीशेजारी मी कोनाडा साफ केला, खाली राख पसरली, तिच्यावर पोत्याचा तुकडा टाकला आणि कवडीला ठेवलं. शेजारच्या बनाबाई डोकावून गेल्या. त्यांनी आयुष्यात शेकडो कोंबड्या पाळल्या आणि तेवढ्याच खाल्ल्या होत्या.

"मानमोडीतनं उठत न्हाई गं पोरी," त्या म्हणाल्या. "पर हात लावलाच हायेस तर लसून ठेचून दे, हळद दे. आन कोरडी ठेव. वली ऱ्हायली की गेली."

तात्या संध्याकाळी आले, हातोडा भिंतीला टेकवला आणि विचारलं, "ही कुनाची?"

"विजूची. पाटलांची. अर्धलीनं घेतलीया." मी चुलीत फुंकर घालत होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं.

"पाटलांनी दिली? अर्धलीनं?"

"व्हय."

ते खाली बसले. कोंबडीकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आजारी कोंबडी कोण अर्धलीनं देतं, हा प्रश्न आता येणार. तो आलाच नाही. तात्या म्हणाले, "कवा न्हाई ते झालं. आमच्या बानं त्यांच्या वाड्याचं अंगन झाडलं. आन आता वाटेकरी केलं त्यांनी आपल्याला." त्यांना प्रश्न विचारायचाच नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

पुढं मी सांगलीत नर्स झाले, चौतीस वर्षं वॉर्डात काढली. पण माझी पहिली रोगी कवडी. तिला पाणी पाजायचं म्हणजे एका हातानं मान सरळ धरायची, दुसऱ्या हातानं कापसाची वात बुडवून चोचीच्या कडेला थेंब सोडायचा आणि ती गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की पाणी श्वासात जायचं. ज्वारीची पातळ पेज, त्यात चिमूटभर हळद, दिवसातून सहा वेळा. मागची पिसं कोमट पाण्यानं धुवायची, फडक्यानं टिपायची, पाय चोळायचे. पाय गार लागले की मी ते चुलीच्या उबेला धरायची.

तात्यांनी दुसऱ्याच दिवशी पलूसला गुरांच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, या रोगाला औषध नाही, लस आधी टोचायची असते. आता नुसती स्वच्छता ठेवा आणि पाण्यात परमँगनेटचे दोन कण टाका. तात्या सुट्टी घेऊन गाडीनं सांगलीला गेले आणि कागदाच्या पुडीत ती जांभळी भुकटी घेऊन आले. स्वतःचा ताप अंगावर काढणारा माणूस कोंबडीसाठी सुट्टी टाकतो, हे बघून वस्ती हसली. तात्यांना त्याचं काही नव्हतं.

"दुसऱ्याचा जीव हाय," ते म्हणायचे. "आपल्या हयगयीनं जाता कामा नये. पाटील म्हनतील, दिली आन मारली."

रोज कामावरून आल्यावर ते कवडीची मान धरायचे आणि मी पाजायची. रुळाच्या चाव्या ठोकून त्यांचे हात खरबरीत झालेले, पण मान धरताना त्यांचा अंगठा हलायचा नाही. मी त्या अंगठ्याकडे बघत राहायची आणि सांगावंसं वाटायचं. तात्या, ही टाकलेली आहे, दिलेली नाही. रोज वाटायचं. रोज मी म्हणायची, आधी ती उठू दे.

नवव्या दिवशी ती उठली. लडबडत दोन पावलं चालली आणि बसली. मी ज्वारीचे दाणे टाकले तर तिनं चोच मारली दाण्यापासून दोन बोटं लांब. मान वाकडी, त्यामुळे दिसायचं एकीकडे आणि चोच पडायची दुसरीकडे. परत मारली, परत जमिनीवरच. मला हसू आलं आणि रडूही. मग मला युक्ती सुचली. तिची चोच जिथं पडायची तिथंच मी बोटानं दाणा सरकवायला लागले. चार दिवस मी तिच्यापुढं पालथी पडून दाणे सरकवत होते. हळूहळू तिचं तिला कळलं, किती तिरकं मारायचं ते.

विजू मधे एकदा वस्तीच्या कडेला येऊन गेली. कवडी अंगणात माझ्या पायावर बसली होती, तशी तिला सवयच लागली होती. विजूनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"जगवलीस की गं," ती म्हणाली. "तुजी झाली बग आता. खरंच तुजी."

तिनं पुन्हा म्हटलं, हे मला नीट आठवतं. कुणी सक्ती केली नव्हती.

विसाव्या दिवशी कवडीनं अंडं घातलं. कवच इतकं पातळ की उजेडात धरलं तर आतलं दिसायचं. तात्यांनी ते हातात घेऊन बघितलं आणि लहान पोरासारखे हसले. पुढची अंडी घट्ट यायला लागली तशी ती त्यांनी भाताच्या कोंड्यात ठेवायला लावली. खुडूक बसली की उबवायला ठेवायची, आठ पिल्लं निघाली तर चार पाटलांची, चार आपली. गँगमधल्या माणसांना ते हा हिशेब सांगायचे. कोंबडीचं मला कौतुक होतं आणि त्यांना अर्धलीचं.

गावात तेव्हा कवडी सोडून एकही कोंबडी उरली नव्हती. ही गोष्ट मी अभिमानानं सांगत होते. तीच नडली.

वैशाखाच्या अखेरीला, एका बुधवारी, पाटलांकडे विजूला बघायला पाहुणे आले. मुलगा मिलिटरीत, माणसं सांगलीकडची. विजूची याआधी दोन स्थळं मोडली होती आणि बायका आता तिच्या पत्रिकेबद्दल बोलायला लागल्या होत्या. पाहुणे सकाळी येऊन दुपारी जाणार होते, पण मुलगी पसंत पडली आणि ते म्हणाले, मुक्काम करतो, उद्या सकाळी सुपारी फोडूनच जातो. आता मुक्कामी पाहुण्यांना वरण-भात घालून चालतंय होय? बाजार सोमवारी, खाटीक तेव्हाच बोकड कापायचा. चार माणसांसाठी घरचा बोकड कापला तर सगळ्या भावकीला जेवायला सांगावं लागलं असतं, आणि सुपारी फुटायच्या आधी भावकी नको होती. घरोघर गडी पाठवला, एक कोंबडी मिळेना. मिळणार कुठनं.

तात्या नुकतेच कामावरून आले होते. दारात साळूबाई उभ्या राहिल्या, विजूच्या आई. अंगणाच्या कडेलाच, आत पाऊल न टाकता. मागं विजू, नवं लुगडं नेसलेली, खाली मान.

"केरू, आमची कोंबडी तुज्याकडं हाय म्हनं," साळूबाई म्हणाल्या.

तात्या त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. पण तेव्हा तसंच होतं.

"हाय की वैनी," तात्या उठून उभे राहिले. "अर्धलीनं घेतलीया. मान मोडल्याली, पोरीनं जगवली. आता अंडी देती."

साळूबाईंनी मागं वळून विजूकडे बघितलं. ही अर्धलीची गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी तर ओढ्यात टाकायला सांगितलं होतं. पण त्यांना कळायला वेळ लागला नाही, आयतं हातात आलेलं कोण सोडतं.

"व्हय, अर्धलीनंच," त्या म्हणाल्या. "तर पाव्हनं आल्यात घरात. कोंबडी पायजे हाय."

कवडी माझ्या पायावर बसली होती. कवडी पाटलांच्या घरात जिवंत जाऊ शकत होती, जिवंत कोंबडीला विटाळ नसतो. मी घरात गेले असते तर गोमूत्र शिंपडलं असतं.

मला ओरडून सांगता आलं असतं, की जगली तर तुझी असं ही म्हणाली होती. पण मग तात्यांनी विचारलं असतं, जगली तर म्हणजे काय? अर्धलीत असं नसतं. आणि सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी विजूकडे बघितलं. तिनं सांगावं. तिच्या तोंडून आलं तर तिनं दिलेली भेट झाली असती, टाकलेली नाही. एका शब्दाचं काम होतं.

"विजू, सांग की," मी म्हणाले. "कवडी कशी दिली व्हतीस मला?"

तिनं वर बघितलं. तिला सगळं आठवत होतं. मला दिसत होतं तिच्या डोळ्यांत.

"अर्धलीनं," ती म्हणाली.

तात्यांनी मान डोलावली. "मग मालकाची कोंबडी, मालकानं न्यावी. पिल्लं निघाली असती तर निम्मी आमची. न्हाई निघाली, आमचं नशीब."

"तुजा वाटा बुडायचा न्हाई केरू," साळूबाई म्हणाल्या.

तात्यांनी स्वतः खाली वाकून कवडीला उचललं आणि विजूच्या हातात दिलं. मला वाटलं, ती फडफडेल, ओरडेल. ती नाही ओरडली. विजूच्या हातात ती लहानपणापासून बसत होती. तिनं वाकडी मान विजूच्या दंडावर टेकवली आणि गप्प बसली.

मी ओढ्यापर्यंत धावत गेले. साळूबाई पुढं निघून गेल्या होत्या. विजू थांबली.

"अंजे, तिसरं स्थळ हाय गं," ती म्हणाली. "ह्ये मोडलं तर आबा मला आत्याच्या त्या दारुड्या पोराला दितील. काय करू मी?"

"मागायची न्हाई म्हनून शपथ घेतलीस ती?"

"मी कुठं मागितली? आईनं मागितली."

"तिला सांगितलं कुनी, कवडी जित्ती हाय म्हनून?"

तिनं कवडीला दुसऱ्या हातावर घेतलं आणि म्हणाली, "आन तुजी शपथ मी पाळली की न्हाई? कुनीबी इचारू दे, अर्धलीनं म्हन, तूच म्हनालीस. सगळ्यांम्होरं पाळली मी."

हे ती खरंच मनापासून म्हणाली. माझा मान राखला, असं तिला वाटत होतं. याचाच मला जास्त राग आला. कोंबडी चोरून नेली असती तर मी चोर म्हटलं असतं. माझ्याच शब्दानं माझी कोंबडी नेणारीला काय म्हणायचं? कवडी तिच्या हातात डोळे मिटून होती. मी तिला हात लावला नाही. लावला असता तर ती माझ्याकडे आली असती आणि मग मला तिला दुसऱ्यांदा द्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांची सुट्टी होती. मी दोन भाकरी थापल्या होत्या, कोरड्यास काही केलं नव्हतं. कोनाड्यातली राख तशीच होती. तात्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "उगं रडू नगं. दुसरी अर्धलीनं आनू. आता पाटलांच्या घरचं दार उघडलंय आपल्याला." त्यांना मला समजवायचं होतं. मला वाटलं, यांचं तोंड धरून बंद करावं.

तेवढ्यात विजू आली. हातात पितळी तपेली, वर पितळी झाकण. आमच्या वस्तीत पाटलांच्या घरून आजवर जे आलं ते पानावर आलं होतं, किंवा वरून आमच्या भांड्यात ओतलेलं. त्यांचं भांडं आमच्या ओट्यावर टेकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तात्यांनी ते बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

"सुपारी फुटली," विजू म्हणाली. "केरूतात्या, आईनं वाटा पाटिवलाय. अर्धलीचा."

झाकण काढलं. तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग, तळाशी तीन-चार फोडी.

"बघितलंस अंजे?" तात्या मला म्हणाले. "शबूद पाळला. निम्मं म्हंजी निम्मं." त्यांनी ताट घेतलं आणि बसले. "घे गं, तू बी घे. तुज्या कष्टाचा वाटा हाय."

आता मात्र माझ्यानं राहवेना. हे अन्न त्यांच्या तोंडात जाऊ द्यायचं नव्हतं.

"तात्या, खाऊ नगा," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. अर्धली नव्हती. साळूबाईंनी कवडी वड्यात टाकाय सांगितली व्हती. टाकल्याली कोंबडी मी उचलून आनली."

तात्या विजूकडे वळले.

"व्हय गं पोरी?"

मला अजून वाटत होतं, ती आता तरी सांगेल. आता तिचं काही जाणार नव्हतं. सुपारी फुटली होती, कवडी संपली होती. आणि विजूनं माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली, घाबरू नकोस, मी सांभाळते.

"न्हाई तात्या," ती म्हणाली. "अर्धलीनंच दिली व्हती. कवडी गेली म्हनून रागात बोलती ती."

तात्यांनी मान हलवली. "पाटलांची लेक आपल्या दारात येऊन खोटं कशाला बोलंल अंजे? कोंबडीसाठी मानसाला खोटं पाडू नये." आणि त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, खाल्ली. मला त्यांनी पंधरा वर्षांत कधी खोटी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते मी खरं बोलले तेव्हा.

दोन घास झाल्यावर त्यांना विजू उभी असलेली दिसली. ते फार खुशीत होते. "आगं, उभी का? ये, तू बी बस. एका अर्धलीतलं हाय, दोघी एका ताटात जेवा."

विजू गडबडली. तिनं पदर सावरला, मागं रस्त्याकडे बघितलं.

"नगं तात्या," ती म्हणाली. "आज गुरुवार हाय. गुरुवारी आमच्यात चालत न्हाई. घरातबी ठेवत न्हाईत."

आमच्या घरातून देव गेले त्यांच्याबरोबर वारही गेले होते. गुरुवार म्हणजे तात्यांची सुट्टी, एवढंच आम्हाला माहीत. पण तात्यांचा सगळा जन्म याच गावात गेलेला. पाटलांच्या घरी गुरुवारी काय ठेवत नाहीत आणि ते वस्तीत कुणाच्या पानावर टाकतात, हे त्यांच्या बापानं आणि आज्यानं पिढ्यान् पिढ्या बघितलेलं होतं.

त्यांच्या हातातला घास तोंडापर्यंत गेला होता. तो त्यांनी परत ताटात ठेवला. तपेलीकडे बघितलं. पाहुण्यांच्या ताटातून फिरून आलेला, रात्री उरलेला रस्सा, कडेला गोठलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला भाताचं एक शीत चिकटलं होतं.

"जा बाळ," ते विजूला म्हणाले. "आई वाट बघत असंल."

"तपेली—" विजू म्हणाली.

मी रस्सा ओतून दिला, तपेली राखेनं घासली, धुतली आणि तिच्या हातात दिली. तात्या तोवर ताटावरच बसून होते. विजू निघून गेली, तिचं पुढं चांगलं झालं, मुलंबाळं झाली.

तिची पाठ दिसेनाशी झाल्यावर तात्यांनी हात धुतले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अंजे," त्यांनी विचारलं, "आनखी काय काय टाकल्यालं खाऊ घातलंयस मला?"

हे त्यांनी मला विचारलं. तिला नाही विचारलं.